हिरूभाईंची बाटली

हिरूभाई म्हात्रे कुणालाही "कसा आहेस" असं विचारत नसत. समोरचा माणूस लग्नाच्या मांडवात भेटो, दवाखान्याच्या रांगेत भेटो, नाहीतर नुकतंच वडिलांचं कार्य उरकून भादरलेल्या डोक्याने कामावर आलेला असो, हिरूभाई त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि गंभीरपणे विचारत, "रिझर्व्ह कुटं लागला?"

जुन्या मोटरसायकलींना टाकीखाली एक खटका असतो. पेट्रोल संपत आलं की गाडी आचके देते, मग तो खटका फिरवायचा आणि तळाशी राखून ठेवलेल्या पेट्रोलवर पुढचा पंप गाठायचा. ते रिझर्व्ह. लोक गाडी किती चालली हे किलोमीटरमध्ये मोजतात, हिरूभाई ते गावांच्या नावांत मोजत. सोमवारी सकाळी टाकी भरायची, आठवडाभर पनवेल ते न्हावा शेवा बंदराजवळचं आमचं कंटेनर यार्ड अशी ये-जा करायची, आणि शनिवारी संध्याकाळी परतताना बरोबर पळस्पे फाट्याच्या पुलाखाली गाडीने पहिला आचका द्यायचा. पुलाच्या अलीकडे दिला तर गाडी आजारी. पलीकडे दिला तर हिरूभाई घरी मटण आणत.

हे सगळं मला इतकं बारकाईने माहीत, कारण त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी होतो. कितीतरी वर्षं होतो. खरं सांगायचं तर हिरूभाईंच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची पाठ मला जास्त ओळखीची. ऐसपैस पाठ होती. तिच्याआड पाऊस लागत नसे आणि समोरून येणारा ट्रेलर दिसत नसे, त्यामुळे प्रवास निर्धास्त व्हायचा. ते मला "नाटक्या" म्हणत, कारण यार्डात मी साहेबांच्या नकला करायचो. मी ऑफिसात कागदपत्रं बघणारा, ते आवारात कंटेनर तपासणारे. रिकामा कंटेनर आला की त्याला पोचा कुठे, गंज कुठे, हे शोधणं त्यांचं काम. छताला भोक आहे का हे बघायला ते आत शिरत, बाहेरून दार लावून घ्यायला सांगत आणि त्या भट्टीसारख्या अंधारात मान वर करून उभे राहत. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी आतून दणदण दार वाजवत. "अंधारात उबा र्‍हायला की खोट आपोआप दिसते," असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याची खोट, हे त्यात सांगायचं राहून जायचं.

तर एका शनिवारी गाडीने गव्हाण फाट्यालाच आचका दिला. पळस्पे अजून बरंच लांब होतं. हिरूभाईंनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं बायकोने चारचौघांत उलट उत्तर दिल्यावर माणूस बघतो.

पुढच्या शनिवारीही गव्हाणच. त्याच्या पुढच्याही. मेकॅनिकने प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, चाकात हवा जास्त भरली. उपयोग शून्य. मग हिरूभाईंची नजर माझ्याकडे वळली.

"नाटक्या, तुजा वजन वारलाय."

मी म्हटलं, वजन वाढलेलं नाही. त्यांनी मला हाताला धरून यार्डातल्या वजनकाट्यावर नेऊन उभं केलं. तो काटा कंटेनरसकट आख्खा ट्रेलर तोलणारा. माझी त्याने दखलही घेतली नाही. ऑपरेटरने खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला, "साहेब, शून्य दाखवतोय."

"बरोबर हाय," हिरूभाई म्हणाले. "ऑफिसात पन याचा तेवराच हाय."

म्हणजे मी सुटलो. गाडी सुटली, मेकॅनिक सुटला. राहिलं पेट्रोल. आणि पेट्रोल म्हणजे गजानन घरत.

घरत आमच्या वाटेवरच्या पंपाचा सुपरवायझर. तो आणि हिरूभाई एकाच गावचे, एकाच वर्गातले. दोघांच्या घरची मिठागरं आणि शेतं बंदरासाठी गेली, त्यानंतर एकाला यार्डात नोकरी लागली आणि दुसऱ्याला पंपावर. घरत बुटका, शांत, कमी बोलणारा. खिशाला दोन पेनं लावायचा आणि कधी कुणाला दिलं तर टोपण स्वतःकडे ठेवायचा. इतक्या वर्षांत हिरूभाईंनी दुसऱ्या पंपावर टाकी उघडली नव्हती. "गजाचा मीटर आनि माजा डोला, दोन्ही एकाच शालेतले," असं ते अभिमानाने सांगत.

त्याच सुमारास त्यांच्या मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ आला. काचेच्या बाटलीत थोडं पाणी घ्यायचं, पाण्याच्या पातळीवर खूण करायची, वर पेट्रोल ओतायचं, हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पाणी जड, ते खाली बसतं. खालचा थर खुणेच्या वर आला तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. हिरूभाईंना हे फार आवडलं. कंटेनर तपासण्याइतकंच सरळ होतं ते. कोकम सरबताची काचेची बाटली त्यांनी घरून धुऊन आणली, तळाशी पाणी घेतलं आणि खुणेसाठी तिला मुलीचं केसांचं लाल रबर लावलं.

सोमवारची सकाळ, पंपावर रांग. "गजा, जरा बाटलीत दे."

"काचेत देयाला बंदी हाय, हिरू."

"मी तुज्याकरं मागतो, परक्याकरं नाय."

घरतने इकडेतिकडे बघितलं आणि दिलं. दोस्तासाठी नियम मोडला. ती बाटली हिरूभाईंनी हवा भरायच्या मशीनजवळ नेऊन हलवली आणि कट्ट्यावर ठेवली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. खालचा थर हळूहळू स्वच्छ झाला आणि लाल रबराच्या वर, चांगला दोन बोटं वर येऊन थांबला.

हिरूभाईंचा आवाज चालत्या क्रेनवरून पलीकडे पोचणारा होता. त्या दिवशी तो पंपाच्या चारी बाजूंना पोचला. "पानी हाय पेट्रोलमदी. बगा, सगल्यांनी बगा."

घरत धावत आला. "पानी नाय रं ते. इथेनॉल हाय. आता सगलीकरं मिसलूनच येतो."

"मंग हा वर आला तो काय हाय? ताक हाय?"

रांग हसली. घरतजवळ एकच वाक्य होतं आणि ते त्याने चार वेळा म्हटलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू. हिरूभाई भरात आले होते. बाटली डोक्यावर धरून गोल फिरत होते. लोक मोबाईल काढून उभे होते आणि मीही त्या गर्दीत होतो, मला मजा येत होती, एवढं सांगून पुढे जातो. आणि मग हिरूभाई ते वाक्य बोलले: "ल्हानपनी माज्या ताटात जेवला आनि आता माज्या टाकीत पानी घालतो."

दुपारपर्यंत ते वाक्य पनवेलपासून उरणपर्यंत प्रत्येक मोबाईलवर वाजत होतं. संध्याकाळी मालकाने घरतला सांगितलं, थोडे दिवस घरी बस.

त्या आठवड्यात घरतच्या पुतणीची हळद होती. आगरी गावातली हळद म्हणजे लग्नाहून मोठी गोष्ट, आख्खं गाव मांडवात. तिथे कुणीतरी ग्लास भरताना म्हणालं, "पानी नको घालू, पानीशेठ हायेत ना बसलेले." सगळे हसले. घरत न जेवता उठला. नवऱ्या मुलीचा सख्खा काका आणि हळदीतून उपाशी गेला. यार्डात ही बातमी आली तेव्हा हिरूभाई म्हणाले, "चोराला भूक लागत नाय."

त्यांना वाटत होतं एवढ्यावर थांबू नये. पुरावा आणखी पक्का करावा. दाखवायला म्हणून दुसऱ्या पंपाचं शुद्ध पेट्रोल हवं होतं. रविवारी मला मागे बसवून ते निघाले. कळंबोलीच्या ट्रकवाल्यांच्या पंपावर ओळखीने बाटली भरून घेतली, हलवली, ठेवली. खालचा थर रबराच्या वर दोन बोटं.

"ह्यो पन चोर," हिरूभाई खूश होऊन म्हणाले.

तळोज्याच्या रस्त्यावरचा पंप. दोन बोटं. "ह्यो पन," ते म्हणाले, पण आता आवाजात थोडा विचार होता. मग पनवेलच्या आतला एक जुना पंप, ज्याच्याबद्दल कधी कुणी वाकडं बोललं नव्हतं. हिरूभाईंनी बाटली फुटपाथवर ठेवली आणि स्वतः तिच्याशेजारी बसले. थर स्वच्छ होत गेला. दोन बोटं. एका रेषेचाही फरक नाही.

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. रिक्षावाले हॉर्न देत जात होते. मग म्हणाले, "सगलीकरं सारकाच कसा रं? चोरी करनारा कोन कमी करल, कोन जास्ती करल. सारकी चोरी मी आख्ख्या जल्मात बगितली नाय."

त्यांची मुलगी दर्शना तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. त्या संध्याकाळी हिरूभाईंनी बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि तिला विचारलं. मला चहाला थांबवून घेतलं होतं. एकट्याने ऐकायची तयारी नसावी.

दर्शनाने बाटली उचलून बघितली आणि तिला हसू आलं. "पप्पा, पेट्रोल पाण्यात मिसळत नाही. पण हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, म्हणजे अल्कोहोल. ते पाण्यात मिसळतं. तुम्ही खाली पाणी ठेवलंत, त्याने वरचं इथेनॉल खाली ओढून घेतलं, म्हणून थर वाढला."

"मंजे पेट्रोलमदी पानी नव्हता?"

"नाही. बाटलीत जे पाणी आहे ते तुम्हीच घातलंय."

हिरूभाईंनी बाटलीकडे बघितलं. "आनि रिझर्व्ह? तो गव्हानला का लागतो?"

"इथेनॉलला पेट्रोलएवढा दम नसतो ना. तेवढाच रस्ता कापायला गाडी जास्त पिते. थोडाच फरक पडतो, पण पडतो. पळस्पे ते गव्हाण, एवढाच."

"आनि भाव?"

"भाव तोच."

"मंजे माजी तक्रार खरी हाय."

"खरी आहे की."

"तक्रार खरी," हिरूभाई म्हणाले, "आनि मानूस चुकला." मग त्यांनी बाटलीचं लाल रबर काढून दर्शनाच्या हातात दिलं आणि आतल्या खोलीत गेले. माझा चहा तसाच राहिला. मीही उठलो.

सोमवारी गाडी नेहमीच्या रस्त्याला वळलीच नाही. गोवा हायवेला लागली आणि लांबून, दिघोड्यावरून वळसा घालून यार्डात पोचली. मी काही विचारलं नाही. मंगळवारीही तसंच. त्या वाटेवर घरतचा पंप लागत नव्हता आणि त्याचं घरही लागत नव्हतं. रिझर्व्ह आता शुक्रवारीच लागायला लागलं. पळस्प्यापासून गव्हाणपर्यंतचा फरक इथेनॉलचा होता. त्यापुढचा सगळा शरमेचा होता, आणि तो कितीतरी जास्त पेट्रोल पीत होता. ज्या माणसाने गव्हाण फाट्यासाठी मला ट्रेलरच्या काट्यावर चढवलं होतं, तो आता शुक्रवारी खटका फिरवायचा आणि चकार शब्द काढायचा नाही. लोकांना रिझर्व्ह कुठे लागलं हे विचारणंही त्यांनी सोडलं. यार्डातली पोरं आपणहून सांगायला यायची, ते नुसती मान हलवायचे.

एक दिवस दुपारी रिकामा कंटेनर तपासायला आत गेले, दार लावून घेतलं आणि बाहेर येईनात. हेल्पर घाबरून मला बोलवायला आला. मी दार उघडलं. हिरूभाई आत मधोमध उभे होते, घामाने निथळत. मान वर नव्हती, खाली होती.

"काय झालं, हिरूभाई? भोक आहे?"

"नाय. कंटेनर चांगला हाय." मग बाहेर येता येता म्हणाले, "नाटक्या, तो बाटलीत देत नव्हता रं. मी दोस्ती काडली म्हनून दिला."

पंपावर तपासणी झाली, सगळं ठीक निघालं, आणि मालकाने घरतला परत बोलावलं. पण क्लिप काही परत आली नव्हती. ती फिरतच होती. रोज कुणी ना कुणी गिऱ्हाईक बाटलीत पाणी घेऊन पंपावर यायचं, लाल नाहीतर निळं रबर लावून, आणि घरतला म्हणायचं, "पानीशेठ, जरा दाखवा." घरत तेच एक वाक्य म्हणायचा. कुणी ऐकायचं नाही.

एका रविवारी सकाळी हिरूभाई माझ्या दारात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, जणू कुणाच्या साखरपुड्याला निघालेत. हातात तीच सरबताची बाटली. "चल. आज सरल रस्त्यानं जायचा हाय."

पंपावर गाडी लावून ते हवेच्या मशीनजवळ, त्याच जागी उभे राहिले. आत घरतने त्यांना बघितलं आणि त्याचे हात थांबले. त्याला वाटलं असणार, पुन्हा. हिरूभाईंनी बाटली डोक्यावर धरली आणि तोच क्रेनवरून जाणारा आवाज लावला.

"मना वलखलात? व्हिडिओमदला तो मीच. इकरं या."

लोक आले. त्यांनी पाणी दाखवलं, खूण दाखवली, पंपाकडून मापाच्या भांड्यातून आणलेलं पेट्रोल ओतलं, हलवलं. थर वर आला. "पानी कुनी घातला?" हिरूभाईंनी विचारलं.

"पंपवाल्याने," एक जण म्हणाला.

"तुमच्या डोल्यांसमोर मी घातला. गजानन घरतनं नाय घातला. पानी मी घातला, त्या दिवशी पन मीच घातला, आनि नाव त्याचा घेतला."

कुणीतरी विचारलं, "पण काका, गाडी कमी चालते हे खोटं आहे का? आणि पैसे तर पूर्ण घेतात."

"कमी चालते. माजी पन चालते. पन तो घरतला इचारू नको. घरत निस्ता नली धरतो. वर कोनी ठरवला त्यांना इचार, आनि तवा मना बोलव, मी तुज्यासंगती येतो."

मी ते सगळं मोबाईलवर काढलं आणि गावाच्या प्रत्येक ग्रुपवर टाकलं. पहिली क्लिप ज्यांनी वाऱ्यासारखी पुढे पाठवली होती, त्यातल्या एकानेही ही पाठवली नाही. दोन अंगठे आले. त्यातला एक हिरूभाईंचाच होता.

"आसंच र्‍हातं," ते म्हणाले. "मंग परत्येक रईवारी उबा र्‍हातो."

आणि राहिले. दोन पावसाळे आणि मधला आख्खा उन्हाळा. रविवारी सकाळी हवेच्या मशीनजवळ उघड्यावर पांढऱ्या शर्टात उभे, हातात बाटली. नव्या गिऱ्हाइकाला वाटे हा पंपाचाच माणूस. कुणी टिंगल केली तर ती पूर्ण होऊ देत आणि मग प्रयोग सुरू करत. सांगण्यात नाट्य आणावं म्हणून मी चार सूचनाही केल्या होत्या, त्यांनी एकही घेतली नाही. "ह्यो तुजा नाटक नाय," म्हणाले.

घरत त्यांच्याशी बोलत नसे. एक शब्दही नाही. पेट्रोल मापाच्या भांड्यात घालून कट्ट्यावर ठेवी आणि वळून आत जाई. हिरूभाईंनी एकदा त्याच्या घरी जाऊन बघितलं, त्याने दार उघडलं, बसवलं, बायकोने पाणी दिलं, आणि घरत टीव्ही बघत राहिला. परतताना हिरूभाई मला म्हणाले, "त्याचा बरोबर हाय. मी चारचौघांत बोललो, तो घरात कसा माफ करल?"

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर हिरूभाई गेले. संध्याकाळी गाडी पुसत होते, तिथेच ओट्यावर बसले आणि संपलं. पोचवायला सगळं यार्ड आलं होतं. घरत आला होता. मागे, कुंपणाजवळ उभा होता.

पुढे काही रविवार माझं त्या वाटेला जाणं झालं नाही. मग एकदा गेलो, माझी स्वतःची स्कूटर घेऊन, तिला रिझर्व्हचा खटकाच नाही. हवेच्या मशीनजवळ, हिरूभाई उभे राहायचे त्याच जागी, एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती आणि तिच्यावर पंपाची मोठी छत्री लावलेली. बसलेलं कुणी नव्हतं. एक तरुण मोटरसायकलवाला बाटली घेऊन आला होता. "तो पाण्याचा खेळ करणारा काका कुठंय?" त्याने विचारलं आणि दमून खुर्चीत बसायला गेला.

"तिथं नको बसू," घरत आतून म्हणाला. बाहेर आला, त्याच्या हातातली बाटली घेतली, आणि अडखळत, हळू आवाजात, त्याला सगळं करून दाखवलं. शेवटी पोराने विचारलं, "म्हणजे त्या काकाने तुमच्यावर खोटा आळ घेतला होता?"

"तो माजा दोस्त व्हता," घरत म्हणाला.

पोरगा गेल्यावर मी खुर्चीकडे बघत होतो. घरतनेही बघितलं. "या खुर्च्या केबिनमदीच व्हत्या," तो म्हणाला. "चार व्हत्या. दोन पावसाले त्याला मी उबा ठेवला रं. एकदा बस म्हनलो नाय."